पोटरीतला गोळा, पोटातली कळ आणि न थकणारं हृदय

प्रश्न : मी 54 वर्षांची. नाशिकला पोळीभाजी केंद्र चालवते, रोज सहा-सात तास ओट्यापाशी उभी असते. गेले तीन महिने आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे पोटरीत असा गोळा येतो की मी ओरडून उठते. शेजारीण म्हणते कॅल्शियम घे, नणंद म्हणते केळी खा. दुसरं, माझी 17 वर्षांची मुलगी पाळीच्या पहिल्या दिवशी कळांनी हैराण होते. मी तिला 'पाय ताण, जरा चाल' म्हणते, की ती चिडते. तिसरं, आमच्या ह्यांना बीपीसाठी ॲम्लोडिपिन 5 चालू आहे. त्या गोळीने स्नायू सैल पडतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं. हृदयही स्नायूच, मग तेही सैल पडेल, या भीतीने ते मधून मधून गोळी चुकवतात. आणि हो, हृदय स्नायूच असेल तर त्याला गोळा का येत नाही?

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण बाकीच्या तिघांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. तुमची पोटरी, लेकीचं गर्भाशय आणि ह्यांचं हृदय या तिन्ही ठिकाणी ओढणारं यंत्र जवळजवळ एकच आहे. वेगळी आहे ती खटका दाबण्याची रीत. यंत्र कोण चालू करतं, किती वेळ चालू ठेवतं आणि कसं बंद करतं, यात तिघांची तऱ्हा वेगळी. म्हणूनच एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी यंत्र पाहू. स्नायूच्या पेशीत प्रथिनांचे दोन तऱ्हेचे धागे असतात : जाड मायोसिनचे आणि बारीक ॲक्टिनचे. मायोसिनच्या धाग्याला बाजूने शेकडो डोकी फुटलेली असतात. ही डोकी ॲक्टिनला पकडतात, वाकून ओढतात, सोडतात आणि पुढे पकडतात. विहिरीतून दोराने बादली वर घेताना हात जसे एकामागून एक चालतात, तसं. एका ओढीत धागा सरकतो मिलिमीटरच्या जेमतेम एक लाखांश भागाइतका, पण अशी अब्जावधी डोकी एकदम कामाला लागली की पोळपाट-लाटणंच काय, गॅसचं सिलिंडरही हलतं. आकुंचनात धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे 1954 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी मांडलं : अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांनी, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी. दोघे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

इथली एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. एटीपी हे पेशीचं इंधन ओढायला लागतंच, पण सोडायलाही लागतं. नवा एटीपी येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनचं डोकं पकड सोडतच नाही. मृत्यूनंतर दोन-चार तासांत शरीर ताठ होऊ लागतं ते म्हणूनच : एटीपी संपतं आणि पकडलेलं सुटत नाही. तेव्हा सैल पडणं म्हणजे स्नायूने काहीच न करणं नव्हे, ते खर्चाचं काम आहे.

खटका मात्र तिन्हीकडे कॅल्शियमचा. आराम करणाऱ्या पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. ते वाढलं की यंत्र सुरू, पंपांनी उपसून काढलं की बंद. (उपसायलाही पुन्हा एटीपीच.) हे कॅल्शियम कुठून येतं आणि किती वेळ राहतं, सगळा फरक तिथे आहे.

तुमची पोटरी पट्टकी स्नायूंची, म्हणजे हाडांना जोडलेल्या, इच्छेने हलणाऱ्या स्नायूंची. यातली एकेक पेशी म्हणजे एक लांबलचक तंतू. जाडी साधारण 10 ते 100 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), फार तर केसाएवढी, पण लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते आणि आत शेकडो केंद्रकं. तंतूच्या आत सार्कोमिअर नावाचे छोटे कप्पे एकापुढे एक लावलेले असतात. एक कप्पा सुमारे 2 ते 2.5 मायक्रॉनचा, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये चार-पाच हजार. सूक्ष्मदर्शकाखाली जे आडवे पट्टे दिसतात ते याच कप्प्यांचे.

मज्जारज्जूतून निघालेली नस तंतूला हुकूम देते. विजेचा झटका तंतूच्या पृष्ठभागावरून बारीक नळ्यांतून आत उतरतो. तिथे कॅल्शियमची कोठारं असतात. नळीतला संवेदक कोठाराच्या दाराला थेट जोडलेला असतो, जणू कडीला बांधलेली दोरी. झटका आला की दार उघडतं आणि आतलंच कॅल्शियम बाहेर पडतं. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, ॲक्टिनवरचं झाकण बाजूला सरतं आणि ओढाओढ सुरू होते. पेशीबाहेरचं कॅल्शियम या घटकेला लागत नाही, हे लक्षात ठेवा. ह्यांच्या गोळीपाशी ते कामी येईल.

विजेचा झटका दोन-पाच सहस्रांश सेकंदांत संपतो, त्याने झालेलं आकुंचन मात्र त्याच्या दहा-वीस पट टिकतं. म्हणून पहिलं आकुंचन उतरायच्या आत दुसरा, तिसरा झटका देता येतो आणि आकुंचनं एकावर एक चढून स्नायू सलग आवळलेला राहतो. पिशवी धरून उभं राहता येतं ते याच सोयीमुळे. गोळाही याच सोयीचा उलटा परिणाम. त्या वेळी नस आपल्या इच्छेविना वेगाने झटके सोडत असते आणि पोटरी दगडासारखी होते. म्हणजे बिघाड बहुतेक वेळा स्नायूत कमी आणि नसेच्या हुकमात जास्त असतो.

मग पहाटेच का? झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं. उताणं झोपून वर जड गोधडी असेल तर आणखीच. त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. स्नायूबंधात ताण मोजणारे संवेदक असतात. ताण वाढला की ते नसेला 'पुरे' असा निरोप धाडतात. आखूड अवस्थेत स्नायू आवळला तर बंधावर पुरेसा ताणच येत नाही, निरोप दुबळा पडतो आणि आवळणं चालूच राहतं. त्यात दिवसभराचं उभं राहणं. पोटरीत मुख्य स्नायू दोन : वरचा, जो गुडघ्याच्या वरून सुरू होतो, आणि त्याखालचा सोलियस, जो गुडघ्याखालीच सुरू होतो. उभं राहताना तोल सांभाळायचं काम बरंचसं सोलियसचं. त्यात सावकाश आकुंचन पावणारे, ऑक्सिजनवर तासन्‌तास चालणारे लाल तंतू जास्त असतात. मांसाहारी स्वयंपाक करत असाल तर हा फरक कोंबडीत पाहिला असेल. तंगडी काळपट, छाती पांढरी, कारण कोंबडी दिवसभर चालते आणि क्वचितच उडते. हे लाल तंतू चिवट असले तरी हालचाल नसलेल्या ताणाने तेही थकतात.

गोळा आला की काय करायचं? गुडघा सरळ करा, पायाची बोटं नडगीकडे ओढा आणि धरून ठेवा. हात पोचत नसेल तर टॉवेल तळव्याखालून घालून ओढा. साधारण अर्धा ते एक मिनिट लागतं. मधेच सोडलं तर गोळा परत येतो. बोटं स्वतःच्या ताकदीने वर उचललीत तर दुहेरी फायदा : नडगीपुढचा स्नायू कामाला लागला की मज्जारज्जू त्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटरीला आपोआप ढील देतो. झटके देऊन ताणू नका, कारण अचानक ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने उलट आवळतो. आणि पाऊल खाली झुकलेलं असतानाच पोटरी मळत बसू नका, आधी ताण, मग चोळणं आणि शेक. किंचाळून पलंगावरून उडी मारणं हा सर्वांत वाईट उपाय, या वयात गोळ्यापेक्षा पडणं महागात जातं.

रोज रात्री झोपण्याआधी हे करा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या राहा, तळवे भिंतीला, एक पाय मागे. मागच्या पायाची टाच जमिनीला टेकलेली, गुडघा सरळ. पुढे झुका, पोटरीत ओढ जाणवली की 20 ते 30 सेकंद थांबा. नंतर तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढंच. सरळ गुडघ्याने वरचा स्नायू ताणला जातो, वाकवल्यावर सोलियस. दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि उभ्याने काम करणाऱ्यांना तीच जास्त हवी असते. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. टाच उचलली गेली तर सगळं फुकट. 55 वर्षांवरील लोकांवर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असं रोज ताणून सहा आठवड्यांनी गोळ्यांची संख्या आणि तीव्रता कमी झाली होती. तुम्हीही सहा आठवडे तरी द्या, चार दिवसांत निकाल लावू नका. केंद्रावर ओट्याखाली चार-सहा इंच उंचीचा पाट ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाय आलटून पालटून त्यावर ठेवा. टाचा वर-खाली दहा-पंधरा वेळा. रात्री पांघरूण पायाशी सैल.

शेजारीणबाईंच्या कॅल्शियमबद्दल : स्नायूचा खटका कॅल्शियमचा असला तरी तुमच्या गोळ्याचं कारण ते असण्याचा संभव कमी. रक्तातलं कॅल्शियम खरोखर घसरलं तर नसा बेभान होतात, पण तेव्हा ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताची बोटं आत वळतात. नुसती पोटरी धरत नाही. केळ्यात पोटॅशियम असतं हे खरं, पण ज्याचं पोटॅशियम ठीक आहे त्याला केळ्याने फक्त केळं मिळतं. मॅग्नेशियमच्या गोळ्या या कामासाठी जोरात विकल्या जातात. वयस्कांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा फारसा फायदा दिसला नाही. क्विनाइन हे मलेरियाचं जुनं औषध कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स आणि हृदयाची लय बिघडल्याची उदाहरणं आहेत.

डॉक्टरांकडे मात्र एकदा जाच. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन या दोन्हींचा स्नायूंच्या तक्रारींशी संबंध असतो. साखर, थायरॉईड, क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम एवढं रक्तात पाहिलं की बरंच कळतं. एकच पोटरी सुजून गरम झाली आणि दुखणं हटत नसेल, तर तो गोळा नसून शिरेतली गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, असं असेल तर धमनीतला रक्तपुरवठा तपासायला हवा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर थांबू नका.

आता लेकीचं. ती चिडते ते योग्यच आहे. गर्भाशयाचा स्नायू अपट्टकी, म्हणजे मृदू स्नायू. त्याच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, एका केंद्रकाच्या, बहुधा मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान. यात सार्कोमिअरचे कप्पे नाहीत, म्हणून पट्टे नाहीत. धागे पेशीत तिरके-तारके पसरलेले आणि पेशीच्या भिंतीवरच्या दाट ठिपक्यांना बांधलेले असतात. आकुंचन झालं की पेशी नाडी ओढलेल्या पिशवीसारखी सर्व बाजूंनी आवळते. ट्रोपोनिनही नाही. कॅल्शियम इथे कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ते एका विकराला जागं करतं, तो मायोसिनवर फॉस्फेट लावतो, तेव्हा कुठे ओढ सुरू होते. इतके टप्पे असल्याने काम सावकाश, पण एकदा पकड बसली की फारच कमी इंधनात ती दीर्घकाळ टिकते. रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय हे सारे या काटकसरीवर चालतात.

आणि मुख्य म्हणजे याला हुकूम मज्जारज्जूतल्या त्या ऐच्छिक नसेचा नाहीच. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, ती स्नायूला आवळायला लावतात. या स्नायूचे पदर रक्तवाहिन्यांभोवती जाळीसारखे विणलेले असतात. ते आवळले की वाहिन्या चिमटल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि कळ उठते. (बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबतो तो याच चिमट्याने. तेव्हा जी जाळी जीव वाचवते तीच दर महिन्याला छळते.) पाय ताणून या स्नायूपर्यंत काहीही पोचत नाही.

पोचतो तो शेक, आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होऊच न देणारं औषध. मेफेनामिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन हे त्या वर्गातले. नेमकी चूक होते ती वेळेत. कळ असह्य झाल्यावर गोळी घेतली, तर तोवर रसायनं सुटलेली असतात. स्राव सुरू होताच किंवा पहिली चाहूल लागताच, काहीतरी खाऊन, घ्यायची. मेफेनामिक ॲसिड साधारणतः पहिल्यांदा 500 मिलिग्रॅम आणि मग दर सहा तासांनी 250, दोन-तीन दिवसच. दमा, आम्लपित्ताचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नाही. पहिल्यांदा डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. ड्रोटाव्हेरिन किंवा डायसायक्लोमिनसारखी औषधं मृदू स्नायू थेट सैल करतात, तीही दिली जातात. पण कंबर धरल्यावर मिळते ती 'मसल रिलॅक्संट' तिला देऊ नका. ती पट्टकी स्नायूंच्या नसांवर काम करते, गर्भाशयावर नाही. तशीच ड्रोटाव्हेरिन तुमच्या पोटरीच्या कामाची नाही. 'स्नायू सैल करणारी गोळी' असं एकच काही नसतंच.

चालण्याबद्दल तुमचं थोडं खरं आहे, फक्त वेळ चुकते. एरवी आठवड्यातून तीनदा पाऊण तास व्यायाम केल्याने पुढच्या पाळ्यांचं दुखणं कमी होऊ शकतं. कळ चालू असताना मात्र तिला गरम पाण्याची पिशवी द्या आणि पडून राहू द्या. दुखणं वर्षागणिक वाढत असेल, औषधाने थांबत नसेल किंवा पाळीव्यतिरिक्त दिवसांतही असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) याच वयात सुरू होऊन वर्षानुवर्षं 'पाळीचंच' म्हणून दुर्लक्षित राहतो.

उरलं हृदय. हा स्नायू दोघांच्या मधला. पोटरीसारखे पट्टे आणि सार्कोमिअर, पण हुकूम बाहेरून नको. उजव्या कर्णिकेतली एक गाठ स्वतःच ठेका धरते. पेशी आखूड, फांद्या फुटलेल्या, सांध्यांनी एकमेकींना जोडलेल्या. या सांध्यांतून वीज सरळ पुढे जाते, म्हणून सारं हृदय एकजुटीने आवळतं. आणि हृदयाच्या पेशीला प्रत्येक ठोक्याला पेशीबाहेरून थोडं कॅल्शियम आत यावं लागतं. ते आलं तरच आतलं कोठार उघडतं. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय क्षारांच्या पाण्यात ठेवून अभ्यासत होते. ते पाणी नळाचं असलं की हृदय छान चालायचं आणि ऊर्ध्वपातित असलं की बंद पडायचं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हे त्याचं कारण असल्याचं त्यांनी 1883 साली दाखवलं. दवाखान्यात लावतात ती रिंगर लॅक्टेटची बाटली त्यांच्याच नावाची.

गोळा न येण्याचं कारण असं : पोटरीतला विजेचा झटका दोन-पाच सहस्रांश सेकंदांचा, हृदयातला दोनशे ते तीनशे. म्हणजे आकुंचन उतरेपर्यंत पेशी जवळजवळ पूर्ण वेळ बहिरी असते, दुसरा हुकूम ऐकूच शकत नाही. आकुंचनं एकावर एक चढत नाहीत, आणि चढली नाहीत तर गोळा होणार कसा? सलग आवळलेलं हृदय भरणार नाही, म्हणून ही व्यवस्था. थकव्याचं म्हणाल तर मिनिटाला 75 ठोके धरा : एका ठोक्याचे 0.8 सेकंद, त्यातले सुमारे 0.3 काम, 0.5 आराम. डाव्या जवनिकेच्या भिंतीला स्वतःचं रक्त मुख्यतः याच आरामात मिळतं. शिवाय पेशीच्या घनफळाचा जवळपास तिसरा हिस्सा मायटोकॉन्ड्रियांचा, म्हणजे ऊर्जेच्या भट्ट्यांचा.

आता ह्यांची गोळी. ॲम्लोडिपिन पेशीत बाहेरून कॅल्शियम आत सोडणारी दारं अडवते. पोटरीला ते दारातून येणारं कॅल्शियम लागतच नाही, म्हणून हातपाय दुबळे पडत नाहीत. धमन्यांचा मृदू स्नायू त्यावरच अवलंबून, म्हणून तो सैलावतो आणि दाब उतरतो. हृदयालाही बाहेरचं कॅल्शियम लागतं, तेव्हा शंका रास्त होती. पण नेहमीच्या मात्रेत ही गोळी हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांच्या दारांना कितीतरी जास्त धरते. हृदयाचा जोर कमी करणाऱ्या व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम याच घराण्यातल्या, पण वेगळ्या. त्यांच्याबद्दल वाचलेलं या गोळीला लावू नका.

ही गोळी रक्तात निम्मी व्हायला 30 ते 50 तास लागतात. एक दिवस चुकवली तर मशीनवर आकडा फारसा हलत नाही, आणि 'बघ, गोळीशिवायही ठीक आहे' असं वाटतं. तो आदल्या दिवसांच्या गोळ्यांचा उरलेला परिणाम असतो. त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही. घोट्याशी सूज आली तर डॉक्टरांना सांगायचं, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

आणि 'हृदयाला गोळा येत नाही' याचा अर्थ छातीतलं आवळणं गॅसेस म्हणून सोडून द्यायचं, असा घेऊ नका. हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीच्या भिंतीत मृदू स्नायूच असतो आणि तो आवळू शकतो. त्या दुखण्यात जी औषधं देतात त्यात ॲम्लोडिपिनही आहे. बहुतेक वेळा मात्र कारण चरबीचा थर आणि त्यावरची गुठळी असतं, आणि घरी बसून दोन्हींत फरक करता येत नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असं पाच-दहा मिनिटं राहिलं तर बाम चोळत बसायचं नाही. 108 ला फोन करा, आणि ह्यांना जिना उतरायला लावू नका.